एफ. एफ. आय.

आमच्या लहानपणी नरकचतुर्दशीच्या पहाटे एक कवाईत होत असे. मामा दिवाळीला आमच्याकडे यावयाचे. अजून काळोख असायचा, बंबात ढलप्या तडतडत असायच्या, आणि आम्ही पाच-सहा भावंडे उघड्या अंगाने कुडकुडत न्हाणीच्या दारात उभी. मग मामा, कमरेला पंचा आणि हातात उटण्याची वाटी घेऊन, एकदम पलटणीच्या आवाजात ओरडत, "रांगेत उभे राहा! एफ. एफ. आय.!" मग एकेकाचे कान मागे वळवून, बगला वर करून, नखे उलटीसुलटी पाहून ते म्हणत, "पास. पुढे चला." ज्याच्या कानामागे मळ सापडे तो नापास, आणि त्याला उटणे दुप्पट. आम्हाला हा शब्द इतका आवडला की वर्षभर गल्लीतल्या पोरांनाही आम्ही रांगेत उभे करून एफ. एफ. आय. करीत असू. आईला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. वडिलांना असावा, कारण ते त्या वेळी वर्तमानपत्र तोंडासमोर धरीत. एकदा मात्र मामी परसात येऊन हळूच म्हणाली, "अहो, पोरांसमोर काय ते!" आणि मामा खो खो हसत सुटले.

मामा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पुण्यातल्या एका लष्करी इस्पितळात कंपाउंडर होते. एफ. एफ. आय. म्हणजे 'फ्री फ्रॉम इन्फेक्शन', संसर्गापासून मुक्त. सैनिकांना रांगेत उभे करून, त्यांच्या गुप्तांगाची पाहणी करून, गरमी-परमा नाही ना, याची खात्री करून घ्यावयाची, त्या तपासणीचे हे लष्करी नाव. हे मला समजले तेव्हा मी कॉलेजात होतो. आमच्या दिवाळीच्या अभ्यंगाला मामांनी कसल्या कवाईतीचे नाव दिले होते हे कळल्यावर मला प्रथम लाज वाटली, मग हसू आले. पुढे इतिहास शिकवण्यात आयुष्य गेले आणि त्या रांगेचा मागोवा घेण्याचा नाद लागला. फराळाच्या ताटाशेजारी हा विषय मांडावा की नाही, असे मनात आले होते. पण दिवाळी अंक घरातली सर्वच माणसे वाचतात, आणि हा विषयही घरातल्या सर्वांचाच आहे. तो कसा, ते पुढे येईलच.

गरमी किंवा उपदंश हा रोग आपल्याकडे पाहुणा म्हणून आला. सोळाव्या शतकातील भावमिश्राने आपल्या 'भावप्रकाश' ग्रंथात त्याला 'फिरंगरोग' असे नाव देऊन ठेवले आहे. फिरंगी लोकांच्या संगाने होणारा तो फिरंगरोग. पोर्तुगीज आले, मिरी घेऊन गेले, मिरची ठेवून गेले, आणि हाही ठेवून गेले. गंमत अशी की त्या काळी प्रत्येक देश या रोगाला शेजाऱ्याचे नाव देत होता. इटालियन त्याला फ्रेंच रोग म्हणत, फ्रेंच त्याला नेपल्सचा रोग म्हणत. या रोगाचा दोष दुसऱ्यावर ढकलावयाचा, ही खोड तेव्हापासूनची आहे, आणि पुण्याच्या लष्कराची पुढची सगळी कहाणी म्हणजे त्याच खोडीचा विस्तार आहे.

पुणेकर ज्याला नुसते 'लष्कर' म्हणतो तो भाग १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर वसला. पेशवाई बुडाली आणि शहराच्या पूर्वेला गोऱ्या पलटणींच्या बराकी उभ्या राहिल्या. तिकडे खडकीलाही छावणी पडली. या बराकींत कोण राहत असे? विलायतेतल्या गरीब वस्त्यांतून भरती केलेली विशी-पंचविशीतली पोरे. त्यांतल्या फारच थोड्यांना लग्नाची परवानगी मिळे, कारण बायको म्हटली की तिला जागा द्यावयाची, शिधा द्यावयाचा, आणि सरकारला तो खर्च नको होता. तेव्हा सरकारने हिशेब असा मांडला की शिपायाला बायको परवडत नाही, पण बाजार परवडतो. छावणीच्या बाजारात पलटणीसाठी स्त्रिया ठेवल्या जात. त्या वस्तीला चकला म्हणत. देशी शिपायाची गोष्ट वेगळी होती. तो बहुधा लग्न झालेला, रजेवर गावी जाणारा. त्याच्यात या रोगांचे प्रमाण गोऱ्यांच्या मानाने फारच कमी असे, आणि हे सरकारी अहवालांतच दिसते.

आता तपासणीकडे येऊ. ब्रिटिश सैन्यात शिपायांची अशी तपासणी पूर्वीपासून होती. पण रांगेत उभे राहून कपडे उतरवणे शिपायांना अपमानाचे वाटे, आणि सैन्यातल्या डॉक्टरांनाही ते काम हलके वाटे. म्हणून १८५९ साली ही सक्तीची तपासणी बंद करण्यात आली. शिपायाच्या अब्रूची इतकी कदर केली याबद्दल सरकारचे कौतुकच करावयास हवे होते. परंतु पाचच वर्षांनी, १८६४ च्या बाविसाव्या कायद्याने, छावण्यांतील स्त्रियांची नोंदणी व तपासणी सुरू झाली. रोगी आढळलेल्या बाईला 'लॉक हॉस्पिटल' नावाच्या इस्पितळात ठेवावयाचे आणि बरी ठरेपर्यंत सोडावयाचे नाही. पुणे आणि खडकी येथेही अशी इस्पितळे चालली. १८६८ मध्ये सांसर्गिक रोगांचा कायदा आला आणि हे जाळे मोठ्या शहरांपर्यंत पसरले. म्हणजे पुरुषाला तपासणे हा अपमान, आणि बाईला तपासणे ही आरोग्यव्यवस्था! रोग तर दोघांत ये-जा करीत होता. एका बाजूचे दार लावून दुसऱ्या बाजूचे सताड उघडे ठेवल्यावर घरात चोर येणारच. मला या जुन्या हुकमांतली सर्वांत बोचणारी गोष्ट हीच वाटते की त्या काळच्या शहाण्या अधिकाऱ्यांना हे साधे गणित दिसत नव्हते असे नाही. दिसत होते, पण मांडावयाचे नव्हते.

मग शिपायाला धाक दाखविण्याची युक्ती निघाली. १८७३ साली युद्धमंत्री कार्डवेल यांनी हुकूम काढला की गुप्तरोगासाठी इस्पितळात पडलेल्या शिपायाचा त्या दिवसांचा पगार कापावा. पगार कापला की शहाणा होईल, अशी कल्पना. शिपाई खरोखरच शहाणा झाला; तो रोग लपवू लागला. दुखणे अंगावर काढावयाचे, बाजारातल्या वैदूकडून पारा घ्यावयाचा, पण डॉक्टरकडे जावयाचे नाही. इस्पितळातले आकडे सुधारल्यासारखे दिसत आणि बराकीतला रोग वाढत राही. सहा वर्षांनी, १८७९ मध्ये, तो हुकूम मुकाट्याने मागे घ्यावा लागला. त्या सहा वर्षांत किती जणांची हाडे कुजली, किती जणांचे मेंदू बिघडले, याची नोंद कोठेही नाही, कारण ते इस्पितळात आलेच नाहीत.

१८८६ साली हिंदुस्थानचे सरसेनापती रॉबर्ट्‌स यांच्या कारकिर्दीत एक परिपत्रक निघाले. पलटणींच्या बाजारांत पुरेशा स्त्रिया असाव्यात, त्या पुरेशा आकर्षक असाव्यात, अशा आशयाचे ते सरकारी लिखाण विलायतेत बाहेर फुटले तेव्हा एकच गहजब झाला. त्या सुमारास आल्फ्रेड डायर नावाचा एक क्वेकर पंथीय संपादक हिंदुस्थानातल्या छावण्या पाहून गेला होता. त्याने लेख लिहून वातावरण तापवले. १८८८ मध्ये पार्लमेंटात ठराव झाला आणि १८६८ चा कायदा रद्द झाला. कागदावर रद्द झाला, असे म्हटले पाहिजे. १८९२ साली एलिझाबेथ अँड्र्यू आणि कॅथरीन बुशनेल या दोन अमेरिकन स्त्रिया उत्तर हिंदुस्थानातल्या छावण्यांत स्वतः हिंडल्या, तेथल्या स्त्रियांशी बोलल्या आणि जुनी पद्धत तशीच चालू असल्याचे त्यांनी सिद्ध करून दाखविले. सरकारने आधी नाकारले, मग चौकशी नेमली, मग कबूल केले. सरकारांचा हा क्रम तेव्हाही ठरलेलाच होता.

१८९५ च्या सुमारास हिंदुस्थानातील गोऱ्या फौजेत गुप्तरोगासाठी इस्पितळात दाखल होण्याचे प्रमाण दर हजारी पाचशेच्यावर गेले. एकच माणूस दोन-तीनदा दाखल झाला तर तो तितक्या वेळा मोजला जाई, हे लक्षात घेऊनही हा आकडा थक्क करणारा आहे. एवढ्या मोठ्या फौजेला वायव्येच्या पठाणांपेक्षा आपल्याच बाजाराची भीती अधिक, अशी स्थिती. १८९७ मध्ये नियम पुन्हा कडक झाले. पुढे लॉर्ड किचनेर सरसेनापती असताना शिपायांना उपदेशपत्रके वाटली गेली, खेळ, वाचनालये, न्याहारीची उपाहारगृहे निघाली, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आकडे बरेच खाली आले. उपदेशाने आले की फुटबॉलने, हा वाद त्या वेळचे लोक घालीत बसले होते.

खरी क्रांती प्रयोगशाळेत झाली. १९०५ मध्ये उपदंशाचा जंतू सापडला, १९०६ मध्ये वासरमानने रक्ततपासणी शोधली, १९१० मध्ये एर्लिकचे सॅल्वरसान हे सोमलाचे औषध आले. या तिघांत मला मधली गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. तोपर्यंत तपासणी म्हणजे डोळ्यांनी पाहणे. उपदंशाचा व्रण काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. मग रोग वर्षानुवर्षे रक्तात दबा धरून बसतो आणि रांगेत उभा असलेला माणूस 'पास' होतो. रक्ताने प्रथमच सांगितले की जे दिसत नाही तेही असते.

मामांच्या वेळी एन. ए. बी.ची इंजेक्शने आठवड्या-आठवड्याने महिनोन्‌महिने चालत. शिपाई कंटाळून पळून जात. युद्धाच्या अखेरीस पेनिसिलिन आले आणि मामांच्या शब्दांत, "जादूच झाली रे! हत्तीसारखा माणूस आठ दिवसांत हसत घरी." पुढे १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला आणि पेनिसिलिन आपल्या अंगणातच तयार होऊ लागले. मामा लोकलने जाताना त्या कारखान्याच्या दिशेने हात जोडीत, ते मी पाहिले आहे. आता हा रोग संपला, असे त्यांच्यासारख्या अनेकांना वाटू लागले होते.

मराठीत या विषयावर उघडपणे लिहिण्याची हिंमत एकाच माणसाने केली, हे येथे सांगितलेच पाहिजे. रघुनाथ धोंडो कर्वे यांचे 'समाजस्वास्थ्य' मासिक १९२७ पासून ते १९५३ साली त्यांचा मृत्यू होईपर्यंत मुंबईहून निघत राहिले. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा हे त्यांनी सरळ मराठीत, गणिताच्या प्राध्यापकाला शोभेल अशा कोरड्या स्पष्टपणाने सांगितले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले; एका खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले होते. आमच्या घरात ते मासिक कधी आले नाही. मामांकडे असे, पण कपाटात, धोतरांच्या घडीखाली. जो मनुष्य शेकडो शिपायांना रांगेत उभे करून तपासणाऱ्या डॉक्टरांना मदत करी, त्यालाही कर्व्यांचे मासिक लपवून ठेवावे लागे, यात त्या काळचे पुणे सगळे आले.

आणि मग १९८६ साल उजाडले. मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी भारतातील एच. आय. व्ही.ची पहिली लागण शोधून काढली. डॉ. सुनीती माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. १९९२ मध्ये पुण्याजवळ भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था निघाली. आज तिचे नाव बदलले असले तरी पुणेकर तिला 'नारी' या आद्याक्षरी नावानेच ओळखतात. या संस्थेच्या डॉक्टरांनी शहरातल्या गुप्तरोग-चिकित्सालयांत येणाऱ्यांचे रक्त १९९३ पासून तपासावयास घेतले. पहिल्या २,८०० रुग्णांत शंभरी २३.४ जणांना एच. आय. व्ही.ची लागण निघाली. ज्यांच्या अंगावर व्रण होता किंवा पूर्वी होऊन गेला होता, त्यांच्यात ती अधिक होती. व्रण म्हणजे कातडीला पडलेले भोक. नव्या विषाणूला जुन्या रोगाने दार उघडून दिले होते.

पण माझ्या मनातून न जाणारा आकडा दुसराच आहे. १९९७ साली डॉ. रमण गंगाखेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच चिकित्सालयांतील ९१६ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ५२५ वेश्याव्यवसायातल्या. त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्या बाधित होत्या. उरलेल्या ३९१ त्या व्यवसायातल्या नव्हत्या. त्यांत बहुसंख्य साध्या संसारी बाया, ज्यांनी नवऱ्याखेरीज कोणाचे तोंड पाहिले नव्हते. त्या ३९१ मध्ये शंभरी १३.६ बाधित निघाल्या. त्यांचा 'धोकादायक व्यवहार' एकच होता, तो म्हणजे लग्न. हा विषय घरातल्या सर्वांचा आहे असे मी आरंभी म्हटले ते यासाठी.

आता सैनिकाकडे परत येतो. ज्याला एच. आय. व्ही. असल्याचे एकदा कळले आहे, त्याची आणखी कसली तपासणी करावयाची, असा प्रश्न पुष्कळांच्या मनात येतो. बुडत्याचे पाय धुण्यासारखे ते वाटते. प्रत्यक्षात गोष्ट उलटी आहे. हा मनुष्य आता बुडता राहिलेला नाही. सरकारी केंद्रांतून विषाणूविरोधी औषधे २००४ पासून विनामूल्य मिळू लागली, आणि नियमाने गोळ्या घेणारा माणूस नोकरी करतो, संसार करतो, म्हातारा होतो. २०११ साली नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांच्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवून दिले की औषध लवकर सुरू केले तर जोडीदाराला लागण होण्याचे प्रमाण शंभरी ९६ ने घटते. त्या नऊ देशांत भारत होता आणि त्यातल्या केंद्रांपैकी एक पुण्याचे होते. आज रक्तातला विषाणू सापडेनासा झाला की तो संबंधातून पसरत नाही, हे सर्वमान्य झाले आहे.

मात्र या गोळ्या इतर गुप्तरोगांच्या जंतूंवर चालत नाहीत. उपदंश, परमा, क्लॅमिडिया यांना त्या ओळखतही नाहीत. शिवाय एच. आय. व्ही. असलेल्याच्या अंगात उपदंश शिरला तर तो डोळ्यांवर आणि मेंदूवर लवकर जाऊ शकतो. परमा किंवा व्रण असताना, गोळ्या नीट चालू नसतील तर, वीर्यातला विषाणूही वाढतो. आणि सर्वांत खोटे पाडणारी गोष्ट ही की यातले बरेचसे संसर्ग मुके असतात. जळजळ नाही, स्राव नाही, व्रण नाही; किंवा असलाच तर अशा जागी की जेथे डॉक्टर पाहत नाही आणि रोगी सांगत नाही. पुरुषाचा पुरुषाशीही संबंध येतो, बराकींच्या इतिहासात तो नेहमीच आला आहे. पण त्याबद्दल विचारावयाचे नाही आणि बोलावयाचे नाही असा संकेत. म्हणून वैद्यकशास्त्राने आज असा दंडक घातला आहे की एच. आय. व्ही.चे निदान होताच, आणि पुढे निदान वर्षातून एकदा, तक्रार असो वा नसो, रक्त तपासावे, शक्य तेथे लघवी व स्रावाचे नमुने तपासावे, आणि त्याआधी एकांतात नीट चौकशी करावी. जोखीम अधिक असेल तर तीन-तीन महिन्यांनीही. आणि जोडीदारालाही तपासावे. शिपाई आणि बाई, दोघांनाही. १८६४ च्या कायद्याने जे केले नाही ते.

आपल्या सैन्यात बाधित जवानाला केवळ लागण झाली म्हणून लगेच घरी पाठवीत नाहीत. त्याची वैद्यकीय श्रेणी खाली आणतात, हलके काम देतात, औषधपाणी करतात. १९४८ पासून पुण्यात असलेल्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून निघालेले डॉक्टर देशभर हे काम करीत आले आहेत. पण 'श्रेणी खाली आली' या तीन शब्दांत जवानाच्या मनातले सगळे भय साठलेले असते. बढती गेली, आवडीची नेमणूक गेली, आणि पलटणीत कुजबुज सुरू झाली. २०१७ च्या कायद्याने गुप्ततेचा आणि समान वागणुकीचा हक्क दिला. तरी सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरणे गेलीच. एड्स झाल्याचे चुकीचे निदान करून २००१ साली सेवेतून काढलेल्या एका हवालदाराला २०२४ मध्ये न्यायालयाने ५० लाख रुपये देवविले. त्याआधी, २०२३ मध्ये, हवाई दलातल्या एकाला दीड कोटीहून अधिक भरपाई मिळाली. २००२ साली सीमेवर असताना लष्करी इस्पितळात चढविलेल्या रक्तातून त्याला लागण झाली होती. 'शिपाई आणि हा रोग' म्हटले की आपण लगेच बाजाराकडे बोट दाखवितो. या मनुष्याने बाजार पाहिलाही नव्हता.

माझा एक जुना विद्यार्थी सैन्यात होता. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. निवृत्त होऊन शेती करतो. दर काही महिन्यांनी गोळ्या नेण्यासाठी पुण्याला येतो आणि आमच्याकडे चहा घेऊन जातो. काही वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी त्याने मला सगळे सांगितले. नोकरीत असताना त्याला लागण झाल्याचे कळले होते. त्यापूर्वी कितीतरी महिने त्याला संशय होता, पण नाईकचा हवालदार व्हावयाचा होता, म्हणून तो बाहेरच्या डॉक्टरकडून गोळ्या घेत राहिला. मी त्याला कार्डवेलच्या १८७३ च्या हुकमाची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "सर, म्हणजे दीडशे वर्षांत आम्ही तिथंच?"

मग मी त्याला मामांची गोष्ट सांगितली, अभ्यंगाची. त्यावर मात्र तो पोट धरून हसला. "आमच्यातही व्हायची की ती एफ. एफ. आय.! रजेवरून परत आलो की. उभं राहायचं, डॉक्टरसाहेब बघायचे, पुढं सरकायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. पण सर, वरून बघून काय कळणार? आणि पाठीमागं बारा जण उभे असताना कोण बोलणार?"

निवृत्तीनंतर ज्या केंद्रात त्याचे औषध सुरू होते तेथे एकदा नवीन डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी मदतनिसाला बाहेर पाठविले, दार लोटून घेतले आणि चार-पाच प्रश्न विचारले. जसे रक्तदाबाबद्दल विचारावे तसे, मान वर न करता, कागदावर लिहिता लिहिता. "मला वाटलं, बाई लाजतील. त्या लाजल्या नाहीत, मग मीच कशाला लाजू? पहिल्यांदा खरं सांगितलं." रक्त पाठविले. उपदंश निघाला, कित्येक वर्षांचा असावा. अंगावर काहीही खूण नव्हती. आठवड्याला एक अशी तीन आठवडे पेनिसिलिनची इंजेक्शने झाली. मामांचेच औषध, फक्त अधिक दिवस टिकणारे. त्याच्या मंडळींनाही तपासले. एच. आय. व्ही. नव्हता, उपदंश होता. त्यांनाही तीच इंजेक्शने.

"घरी सांगताना काय म्हणालास?" मी विचारले.

"काही म्हणालो नाही, सर. डॉक्टरीणबाईंनीच दोघांना समोर बसवून सांगितलं. ही ऐकत होती. घरी जाताना एस.टी.त म्हणाली, इतकी वर्षं मला कंबर दुखते म्हणून बाम लावत होतात, एकदा विचारलं का नाही तुम्ही कोणाला?" कंबरेचे दुखणे आणि उपदंश यांचा संबंध होता की नाही, देव जाणे. पण तो प्रश्न तो अजून विसरलेला नाही, हे मला दिसले.

गेल्या दिवाळीत तो आला तेव्हा आमच्या घरी नातवंडांची अंघोळीसाठी पळापळ चालली होती. आता बंब नाही, गीझर आहे, तरी उटणे आहे. माझा धाकटा नातू उटणे नको म्हणून सोफ्याखाली लपला होता. विद्यार्थ्याने त्याला पायाला धरून बाहेर ओढले, उभे केले, कान मागे वळवून पाहिला आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावीत म्हणाला, "नापास."

चकलीचा डबा पिशवीत घालून तो निघाला. जिन्यात थांबून त्याने खिशातले कार्ड काढले आणि पुढची तारीख पाहिली. जानेवारीतली होती. "रक्तही द्यायचंय त्या दिवशी," तो म्हणाला, "हिचंही." आणि स्वारगेटची बस गाठण्यासाठी भराभर जिना उतरला.